बातमीदार व्हायचे, पण आधी काय शिकायचे?

मुलाने किंवा मुलीने बारावीनंतर ‘मला पत्रकार व्हायचे आहे’ असे जाहीर केले की घरात पहिला प्रश्न निघतो तो पगाराचा. तो निघण्यात गैर काही नाही. डॉक्टर, अभियंता, सनदी लेखापाल यांच्या वाटा आखलेल्या असतात. किती वर्षे, किती खर्च, पुढे काय, हे शेजारीपाजारी विचारले तरी कळते. पत्रकारितेचे तसे नाही. मामा सांगतात, त्या धंद्यात आता काही राम राहिला नाही. काका सांगतात, ओळखी होतात हो, उद्या पोरगा आमदारही होईल. मुलाच्या डोळ्यांसमोर असतो पडद्यावर तावातावाने बोलणारा निवेदक आणि आईच्या डोळ्यांसमोर असते मध्यरात्रीनंतर संपणारी पाळी. या सगळ्या गलक्यात जो प्रश्न सर्वांत आधी विचारायला हवा तो मागेच राहतो. पत्रकार व्हायचे तर शिकायचे काय?

माझे मत आधीच सांगून टाकतो. बारावीनंतरची पहिली तीन वर्षे एखाद्या विषयाला द्यावीत. इतिहास, अर्थशास्त्र, कायदा, शेती, सांख्यिकी, भाषा, जो मनापासून आवडतो तो कोणताही विषय चालेल. पत्रकारितेचे तंत्र त्यानंतर वर्षा-दोन वर्षांत शिकता येते. विषय मात्र नोकरी लागल्यावर शिकता येत नाही, कारण तेव्हा रोज संध्याकाळी पान सोडायचे असते.

यावर कोणी म्हणेल की बारावीनंतर लगेच माध्यमांची पदवी मिळत असताना हा लांबचा रस्ता कशासाठी? मुंबई विद्यापीठाने २००० साली ‘बॅचलर ऑफ मास मीडिया’ हा अभ्यासक्रम सुरू केला आणि दहा वर्षांत तो महाविद्यालयामहाविद्यालयांत पोहोचला. पुढे त्याचे नाव बदलले, पण घडण साधारण तीच राहिली. पहिली दोन वर्षे थोडे मानसशास्त्र, थोडे समाजशास्त्र, थोडा माध्यमांचा इतिहास, थोडे जनसंपर्क. आणि तिसऱ्या वर्षी जाहिरात किंवा पत्रकारिता यांतून एकाची निवड. म्हणजे ज्याला तीन वर्षांचे पत्रकारितेचे शिक्षण समजून पालक प्रवेश घेतात, त्यात खरी पत्रकारिता वर्षभराचीच असते. अभ्यासक्रम वाईट आहे असे म्हणायचे नाही. त्यातून आलेली उत्तम मुले वृत्तपत्रांत आहेत. परंतु अशी मुले बहुधा वर्गाबाहेर भरपूर वाचणारी आणि हिंडणारी होती, हेही तितकेच खरे.

आपल्या मराठी पत्रकारितेची सुरुवात कशी झाली ते पाहावे. ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत ‘दर्पण’ निघाले तेव्हा बाळशास्त्री जांभेकर विशीच्या आसपास होते. गणित, व्याकरण, इतिहास, भूगोल यांत त्यांची गती होती, अनेक भाषा येत होत्या आणि ‘दर्पण’चा मजकूर मराठी व इंग्रजी अशा दोन स्तंभांत शेजारी शेजारी छापला जाई. १८८१ साली ‘केसरी’ सुरू झाला. त्याचे पहिले संपादक आगरकर तेव्हा पंचविशीत होते आणि न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकवत होते. पुढच्याच वर्षी कोल्हापूर प्रकरणात त्यांनी आणि टिळकांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. डॉ. आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू केले तेव्हा ते अठ्ठावीस वर्षांचे होते. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्राचा अभ्यास करून आलेले होते आणि मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक होते. आणि शहरातच पत्र चालते हा समज खोटा पाडणारे मुकुंदराव पाटील यांनी ‘दीनमित्र’ हे साप्ताहिक नगर जिल्ह्यातल्या तरवडी या खेड्यातून वर्षानुवर्षे चालवले. यांच्यापैकी कोणाजवळ पत्रकारितेची पदवी नव्हती, कारण त्या काळी आपल्याकडे ती मिळतच नव्हती. पण सांगण्यासारखे काही प्रत्येकाजवळ होते.

पत्रकारितेचे विद्यापीठीय शिक्षण आपल्याकडे सुरू झाले ते लाहोरला, १९४१ साली. महाराष्ट्रात नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात १९५२ मध्ये त्याची सोय झाली. पुणे विद्यापीठाचा विभाग, ज्याला पुणेकर आजही नुसते ‘रानडे’ म्हणतात, तो १९६४ चा. दिल्लीची भारतीय जनसंचार संस्था त्यानंतरच्या वर्षातली. पण यातल्या कोणत्याही संस्थेपेक्षा मोठी शाळा होती ती खुद्द वृत्तपत्राची कचेरी. मॅट्रिक झालेला मुलगा मुद्रितशोधक म्हणून लागे. वर्ष-दोन वर्षे दुसऱ्यांच्या चुका काढता काढता त्याची भाषा घासली जाई. मग कोणाची तरी रजा निघे, उपसंपादकाच्या खुर्चीवर तात्पुरते बसवले जाई आणि तो तिथेच राही. मुख्य उपसंपादक त्याची बातमी लाल शाईने रंगवून परत देत आणि कारण सांगत नसत. ते आपले आपण शोधायचे. या शाळेत अपमान बराच होता, पण फी नव्हती. गिरणगावातला, कोकणातून आलेला, वडिलांच्या मागे घर चालवणारा मुलगा त्या दारातून आत येऊ शके.

ते दार आता जवळजवळ बंद झाले आहे. संगणक आल्यावर मुद्रितशोधनाचे विभाग आटत गेले. जाहिरातीत पदवी किंवा पदविका मागितली जाते. साहजिकच प्रश्न उभा राहतो की ती पदवी कोणाला परवडते? विद्यापीठांच्या विभागांतली फी तुलनेने माफक आहे. नामांकित खासगी संस्थांत ती लाखांच्या घरात जाते. ज्या घरातून ती सहज भरली जाते त्या घरातल्या मुलांनीच उद्या कापसाच्या भावाची, रेशनच्या दुकानाची, आश्रमशाळेची बातमी लिहायची, अशी वेळ आली तर बातमी कशी असेल याचा विचार वाचकांनीही करावा. पत्रकारितेच्या शिक्षणाचा खर्च हा केवळ एका घराचा हिशेब नाही. उद्याच्या वृत्तपत्रात कोणाचे जगणे छापून येणार, हे त्यावर ठरते.

विषयाचे महत्त्व सांगताना एक साधे उदाहरण घेऊ. दरवर्षी जिल्ह्याची पैसेवारी जाहीर होते. जिल्हाधिकारी कार्यालयाचे प्रसिद्धिपत्रक येते, त्यात गावांची संख्या असते, आणि पन्नास पैशांच्या आत किती गावे व बाहेर किती, एवढे असते. नवखा बातमीदार ते पत्रक जरा उलटसुलट करून देतो आणि बातमी छापून येते. आता ज्या मुलाला शेतीची किंवा सांख्यिकीची थोडी जाण आहे त्याला पुढचे प्रश्न सुचतात. पीक कापणीचे प्रयोग कोणत्या शेतांत घेतले? ओलिताच्या की कोरडवाहू? प्रमाण उत्पन्न म्हणून कोणता आकडा धरला? लगतच्या दोन गावांत एकाची पैसेवारी अठ्ठेचाळीस आणि दुसऱ्याची त्रेपन्न कशी? जमीन महसुलातली सूट, विद्यार्थ्यांची परीक्षा फी असल्या टंचाईच्या सवलती त्या पन्नास पैशांच्या रेघेवर अडकत आल्या आहेत. हे प्रश्न वर्गात बातमीची रचना शिकून सुचत नाहीत. ‘काय, कुठे, केव्हा, कोण, का, कसे’ हे सहा ककार पाठ असूनही सुचत नाहीत.

पी. साईनाथ यांचे उदाहरण वारंवार दिले जाते, पण त्यांचे शिक्षण इतिहासाचे, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. १९९३ पासून त्यांनी देशातल्या अत्यंत गरीब जिल्ह्यांत मुक्काम ठोकून वार्तापत्रे लिहिली, त्यातून १९९६ साली दुष्काळावरचे त्यांचे गाजलेले पुस्तक झाले. विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांवर ते पुढे वर्षानुवर्षे लिहीत राहिले. आपल्या अनिल अवचटांनी वैद्यकाची पदवी घेतली होती. १९६९ साली ‘पूर्णिया’ आले आणि डॉक्टरकीऐवजी माणसे पाहण्याचा त्यांचा व्यवसाय सुरू झाला. बिडी कामगार, हमाल, यंत्रमागवाले यांच्यावर लिहिताना त्यांच्या वैद्यकाच्या नजरेचा उपयोग झाला नसेल असे कोण म्हणेल? रोग्याला ‘कुठे दुखते’ हे विचारून गप्प बसायचे असते, ही शिकवण बातमीदारालाही तेवढीच उपयोगी आहे. अरुण साधूंची ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ वाचणाऱ्याला मंत्रालयाचा जो अंतर्बाह्य परिचय होतो तो बातमीदारीतूनच आलेला, आणि हेच साधू पुढे पुणे विद्यापीठाच्या पत्रकारिता विभागाचे प्रमुख झाले.

मग पत्रकारितेचा वर्ग नकोच का? हवा, पण त्याच्याकडून काय घ्यायचे ते माहीत असावे. चांगल्या वर्गात तीन गोष्टी मिळतात आणि त्या एकट्याने मिळवणे कठीण असते. पहिली म्हणजे कायदा. बदनामी हा आपल्याकडे आजही फौजदारी गुन्हा आहे. जुन्या दंड संहितेतले ४९९-५०० कलम गेले तरी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत तो ३५६ व्या कलमात कायम आहे आणि शिक्षा दोन वर्षांपर्यंतची आहे. न्यायालयाचा अवमान, विधिमंडळाचे विशेषाधिकार, अत्याचारग्रस्त स्त्रीचे नाव न छापण्याचे बंधन, हे अनुभवाने शिकायचे म्हटले तर एखाद्याचे आयुष्य बिघडून शिकावे लागते. दुसरी गोष्ट म्हणजे कागद वाचणे. सातबारा, फेरफार, निविदा, अंदाजपत्रक, लेखापरीक्षणाचा अहवाल, आरोपपत्र. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ पासून आहे. दहा रुपयांचे शुल्क भरून अर्ज करता येतो आणि तीस दिवसांत उत्तर मिळायला हवे. पण मागितलेली माहिती नेमकी कोणत्या कागदात असते हे ठाऊक नसेल तर अर्जाला ‘माहिती उपलब्ध नाही’ एवढेच उत्तर येते. तिसरी गोष्ट सोबतीची. रात्री अकरा वाजता मथळ्यावरून भांडणारे चार मित्र ज्याला विशी-बाविशीत मिळाले त्याला पुढे कोणत्याही कचेरीत एकटे वाटत नाही.

तेव्हा प्रवेश घेण्यापूर्वी पालकांनी संस्थेची इमारत आणि स्टुडिओ पाहून यावे, हरकत नाही, पण जरा निराळी चौकशीही करावी. विद्यार्थी स्वतःचे प्रायोगिक वृत्तपत्र काढतात का, आणि त्याचे मागचे अंक बघायला मिळतील का? अंक चाळले की सगळे समजते. त्यात प्राचार्यांच्या वाढदिवसाचे आणि पाहुण्यांच्या सत्काराचे फोटो असतील तर उठावे. शहरातल्या पाणीपुरवठ्यावर, बसस्टँडवर, वसतिगृहाच्या मेसवर विद्यार्थ्यांनी लिहिलेले असेल तर थांबावे. शिकवणाऱ्यांपैकी किती जणांनी खरोखर बातमीदारी केली आहे? मराठीत लिहिण्याचा सराव कोण करून घेतो? कारण मराठीत पत्रकारिता करणाऱ्याला निकालपत्रे इंग्रजीत वाचायची असतात, तलाठ्याचे दप्तर मराठीत वाचायचे असते, मजुराशी त्याच्या बोलीत बोलायचे असते आणि हे सारे वाचकाला कळेल अशा चार सरळ परिच्छेदांत उतरवायचे असते. मराठी माध्यमातून शिकलो म्हणून आपण मागे पडू ही भीती निराधार आहे. कोल्हापूर, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथील विद्यापीठांतले विभाग आहेत, जनसंचार संस्थेचे अमरावतीचे केंद्र आहे. मुंबईत पुण्यातच गेले पाहिजे असे नाही. किंबहुना जिल्ह्याच्या गावी शिकणाऱ्याला बातमी सायकलच्या अंतरावर मिळते.

आता पगार. इथे गोड बोलण्यात अर्थ नाही. श्रमिक पत्रकारांसाठी १९५५ साली स्वतंत्र कायदा झाला, त्याखाली वेळोवेळी वेतन मंडळे नेमली गेली. शेवटच्या मजिठिया मंडळाच्या शिफारशी नोव्हेंबर २०११ मध्ये अधिसूचित झाल्या, मालकांनी त्यांना आव्हान दिले आणि सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१४ मध्ये त्या उचलून धरल्या. कंत्राटी पत्रकारही त्यात येतात असा निर्वाळा न्यायालयाने २०१७ मध्ये दिला. कागदावर ही मोठी जीत होती. प्रत्यक्षात तोवर बहुतेक कचेऱ्यांत नेमणुका कंत्राटी होऊन बसल्या होत्या आणि वेतन मंडळाचा आग्रह धरणाऱ्याला नोकरी टिकवणे अवघड झाले होते. २०२० च्या करोनाकाळात आवृत्त्या बंद पडल्या, पाने घटली आणि अनेक अनुभवी पत्रकार घरी बसले. म्हणून ज्या घरात मोठे कर्ज काढूनच फी भरणे शक्य आहे, त्या घराने ते कर्ज पत्रकारितेच्या पदवीसाठी काढू नये असे मी स्पष्टच म्हणेन. विद्यापीठाच्या विभागात कमी पैशांत शिकावे, हाताशी विषयाची पदवी ठेवावी. कायदा शिकलेला पत्रकार वकिली करू शकतो, अर्थशास्त्र शिकलेला अध्यापन करू शकतो, आणि ज्याला नोकरी सोडणे शक्य असते तोच मालकाला ‘ही बातमी मी अशी देणार नाही’ असे म्हणू शकतो. विषयाच्या पदवीचा हा फायदा कोणत्याही माहितीपुस्तिकेत छापलेला नसतो.

तालुक्याच्या गावचे चित्र याहून बिकट आहे. जिल्हा आवृत्त्या ज्या वार्ताहरांच्या जिवावर निघतात त्यांतल्या पुष्कळांना पगार नसतो. असते ते नाममात्र मानधन आणि जाहिरातींवरचे कमिशन. ज्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाची पुरवणी मिळवायची त्याच्याच रस्त्याच्या कामातली खडी मोजायची, हे एका माणसाने करावे तरी कसे? २००९ च्या विधानसभा निवडणुकीनंतर पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांची लक्तरे बाहेर आली, प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने २०१० मध्ये त्यावर सविस्तर अहवाल दिला. दोष वार्ताहराच्या माथी मारणे सोपे होते. पण त्याला वेतन न देता जाहिरातींचे लक्ष्य देणाऱ्या व्यवस्थेचे काय? वृत्तपत्रांनी, त्यात आम्हीही आलो, नव्या पिढीला ध्येयवादाचे धडे देण्याआधी आपल्या तालुका प्रतिनिधीचे मानधन पाहावे.

आणि तरीही याच वार्ताहरांतले काही जण लिहितात. राजापूरचे शशिकांत वारिशे रिफायनरीच्या वादाचे वार्तांकन करत होते. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी त्यांची एका जमीन व्यावसायिकाविषयीची बातमी प्रसिद्ध झाली आणि त्याच दिवशी महामार्गावर त्या व्यावसायिकाच्या गाडीने त्यांच्या दुचाकीला धडक दिली; दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. खुनाचा गुन्हा नोंदवला गेला. पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्ध कायदा करणारे महाराष्ट्र हे पहिले राज्य. तो विधिमंडळाने २०१७ सालीच मंजूर केला होता. मुलाला या क्षेत्रात पाठवताना आईवडिलांना या घटना ठाऊक असाव्यात. त्याला रोखण्यासाठी नव्हे. गाडीच्या काचेवर ‘प्रेस’ची पट्टी चिकटवून टोलनाक्यावर रुबाब करणे आणि पत्रकार असणे यांतला फरक त्याला घरातच कळावा म्हणून. दीड-दोन हजारांत ओळखपत्र आणि माइकचे बोंडूक देणारे बहाद्दर हल्ली तालुक्यातालुक्याला भेटतात. त्यांच्या नादी लागलेल्या मुलांची संख्या पाहून कोणत्याही मास्तराला वाईट वाटेल.

मुलींच्या बाबतीत घरची काळजी अधिक असते आणि ती नुसती ‘काळ बदलला आहे’ म्हणून उडवून लावता येणार नाही. काळ तसा बराच आधी बदलला होता. तानूबाई बिर्जे यांनी १९०८ पासून ‘दीनबंधु’चे संपादन केले. आज मुली गुन्हे वार्तांकन करतात, पुरात उतरतात, निवडणुकीच्या सभा घेऊन रात्री परततात. नोकरी स्वीकारताना त्यांनी दोन गोष्टी बिनदिक्कत विचाराव्यात. रात्रपाळीनंतर घरी सोडण्याची व्यवस्था आहे का, आणि २०१३ च्या कायद्याप्रमाणे कचेरीत अंतर्गत तक्रार समिती आहे का. दहा किंवा अधिक माणसे काम करतात तिथे ती असणे बंधनकारक आहे. हे प्रश्न विचारल्यावर मुलाखत घेणाऱ्याचा चेहरा बदलला तर नोकरी नाकारायला ते कारण पुरेसे आहे.

राहता राहिली यंत्राची धास्ती. प्रसिद्धिपत्रकाची बातमी करणे, इंग्रजी तारेचे मराठी करणे, सामन्याच्या धावा मांडणे ही नवशिक्या उपसंपादकाची कामे आता संगणक क्षणात करतो, चुकीच्या मराठीत का होईना. त्यामुळे खुर्चीतल्या नोकऱ्या घटतील हे उघड आहे. मात्र गावच्या बंधाऱ्यावर जाऊन तो गळतो की नाही हे पाहून येण्याचे काम अजून माणसालाच करावे लागते. विषय जाणणाऱ्या आणि चालण्याचा कंटाळा नसलेल्या मुलांना म्हणूनच काम मिळत राहील असे वाटते. ते किती मोबदल्यात, हा प्रश्न वर आलाच आहे.

बारावीचा निकाल आणि महाविद्यालयाची घडी बसणे यांच्यामध्ये अडीच-तीन महिने जातात. ज्या मुलाला खरोखरच या वाटेने जायचे आहे त्याने हा काळ वाया घालवू नये. १५ ऑगस्टच्या सुमारास गावोगाव ग्रामसभा होते. गावातल्या मतदारांपैकी पंधरा टक्के किंवा शंभर जण, यांत जी संख्या कमी असेल तेवढे हजर असल्याशिवाय ती भरत नाही. गणपूर्ती झाली नाही की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. अनेक गावांचे महत्त्वाचे ठराव या दुसऱ्या, ओस पडलेल्या सभेत होऊन जातात. त्याआधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते. ती झाली की नुसत्या सह्या झाल्या, हे कळायला मुलीच हव्यात. शहरातल्या मुलांनी प्रभाग समितीच्या बैठकीची चौकशी करावी, तेही नाही तर आपल्याच सोसायटीच्या वार्षिक सभेला बसावे. वही न्यावी. किती जण आले ते स्वतः मोजावे. काय ठरले, कोण बोलले, कोणाला बोलू दिले नाही ते टिपावे. विरोधात बोललेल्या माणसाला नंतर गाठून त्याचे पूर्ण नाव विचारावे आणि ते बरोबर लिहिले आहे का हे त्यालाच वाचून दाखवावे. घरी येऊन तीनशे शब्दांत लिहावे आणि सभेला न गेलेल्या आजीला वाचायला द्यावे. आजीने विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे वहीत नसतील तर दुसऱ्या दिवशी पुन्हा ग्रामपंचायतीत जावे. कार्यालय साधारण दहाला उघडते, आणि ग्रामसेवक आठवड्यातून कोणत्या वारी भेटतात हे शिपायाला आधी विचारून ठेवावे.